राग नाही, आवाजच तसा आहे

...नाही, तुमीच सांगा ना! रविवारचा दिवस, चर्चात पंखा खडखड फिरून राहिला, तुमी पेटीवर बसले, गीताचे सूर धरून ठेवले, आन तुमचा सख्खा पाठचा भाऊ भर मंडळीत उभा राहून म्हणते का माह्या भाऊच्या रागासाठी प्रार्थना करा! आन अठ्ठेचाळीस माणसं, लेकराबाळांसहित, फटकन डोळे मिटते! आता प्रार्थना कायची करत नाही लोक? बिमारीसाठी करते, पोट्टीच्या लग्नासाठी करते, बारावीच्या पेपरासाठी करते. आमच्या इथं एका बाईनं हरवलेल्या बकरीसाठी करवली, आन बकरी सापडली बी. पण रागासाठी? आन तो बी दुसऱ्याच्या? माह्या? मले राग येत नाही, तुमाले सांगतो. आवाजच तसा आहे माहा.

का आहे ते बी ऐका. इश्वर म्हणते मले. चिखल्याच्या मॅगनीजच्या खदानीत अठरा वर्षं ड्रिल मशीन चालवली मी, जमिनीखाली. त्या मशीनपुढे माणूस बोलत नसते, बोंबलते. समोरच्याले बी बोंबलाच लागते. तुमी कंपासपेटी घेऊन शाळेत जात होते ना, तवा मी बोंबलून राहिलो होतो. त्यात कान गेले. म्हंजे पुरे नाही गेले, घंटी वाजली त मले साफ ऐकू येते, माणूस बोलला का घोटाळा होते. घरी येऊन मी 'च्या दे वो' म्हटलं का शेजारच्या क्वार्टरमधली बाई गॅसवर च्या मांडते. आता हा राग आहे का? माही बायको चंद्रकांता, तिले विचारा. ती बी म्हणन राग आहे. तिचं सोडा.

आन भाऊ कोण? कमलेश. माह्यापेक्षा दोन वर्षांनं लहान. तो वर, मी खाली. वर म्हंजे इंजिन-घरात. शाफ्टमध्ये जे लोखंडी केज खाली-वर होते ना, माणसं घेऊन, ते चालवणारा तो, वाइंडर. लिव्हर त्याच्या हातात, दोर त्याच्या हातात. आन मशीन सुटली तवापासून मी शाफ्टच्या बुडाशी, घंटीवाला. केजमध्ये माणसं बसली, जाळी लावली, का मी घंटी वाजवतो. तीन ठोके म्हंजे माणसं आहेत, सांभाळ. मंग एक ठोका म्हंजे उचल. वर कमलेशले ऐकू येते, तो उचलते. तो आपल्या जागेवरून मले पाहू शकत नाही, मी त्याले पाहू शकत नाही. मधात शाफ्ट, अंधारा. पण तेरा वर्षात एकदा बी चूक नाही झाली आमची. तोंडानं बोललो असतो त रोज झाली असती.

हाव, त तो रविवार. सगळ्याहीनं डोळे मिटले, मी कायले मिटू? मी एका डोळ्यानं पाहून राहिलो. पाळकसाहेब, आमचे टेकचंद पाळक, दिघोरीकडचे, भल्ला सज्जन माणूस, पण प्रार्थनेले उभा राहिला का बसाचं भुलते... 'हे प्रभू, हा राग तू काढून टाक, मुळापासून काढ, या दोन भावांमधात तुही शांती पाठव...' आन मांगून बाया 'आमेन, आमेन'! माह्या रागाले आमेन! मी पेटीचा भाता सोडला. पेटीनं असा लांब उसासा टाकला, सगळ्याहीले वाटलं पवित्र काही तरी होऊन राहिलं. मी उठलो, निंघालो, बाहेर चपला घातल्या, घरी आलो त पाहतो का दोन्ही डाव्याच पायाच्या. एक माही, एक कोणाची तरी. चंद्रकांता मांगून आली.

'तुमाले राग आला जी.'

'नाही आला!'

'गिलास काहून फेकला मंग?'

'फेकला नाही, हातातून सुटला.'

'सुटला? त्या भिंतीपर्यंत?'

वस्तू सुटते हातातून. साठीले आलेला माणूस आहे मी. मले राग येत नाही.

तिसऱ्या दिवशी पाळकसाहेब घरी. हातात छत्री, काखेत वचनाचं पुस्तक, चेहऱ्यावर ते हसू, तुमाले माहीत असन, दवाखान्यात बिमार माणसाले पाह्याले जाते तवाचं. म्हणते, 'इश्वरभाऊ, राग येणं पाप नाही. रागाले घरात बिछाना टाकून देणं पाप आहे.' म्हटलं, साहेब, मले येतच नाही, बिछाना कोणाले टाकू? ते म्हणते, 'आला त दहा अंक मोजा.' म्हटलं, बरं. 'गार पाणी प्या.' बरं. 'ज्यानं दुखवलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.' इथं मी त्याहीच्यापुढे च्या सरकवली. मंग म्हणते, 'आन मुख्य म्हंजे, इश्वरभाऊ, वचनात आहे का सूर्य बुडायच्या आत राग सोडून द्या. सूर्य तुमच्या रागावर बुडला नाही पाहिजे.'

आता मी खदानीचा माणूस. मी म्हटलं, साहेब, सकाळी सातले मी केजमध्ये बसतो. पाचशे फूट खाली. तथी सूर्य नाही, चंद्र नाही, टोपीची बत्ती आहे. माहा सूर्य त सातलेच बुडते! दिवसभर खाली जो राग येईन त्याचं काय? तो कोणत्या सूर्याच्या आत सोडू? पाळकसाहेब बसले विचार करत. च्या थंडी झाली त्याहीची. त्याहीच्या कॉलेजात हा प्रश्न आलाच नसन. मंग म्हणते, 'मंग तुमी असं करा, इश्वरभाऊ, सकाळी सातच्या आतच सोडा.'

आन मी केलं ते! हसू नका. रोज सकाळी पावणेसातले शाफ्टपाशी उभा राहून, हेल्मेट घालून, डोळे मिटून म्हणो, सोडला प्रभू, सोडला, सोडला, सोडला. मांगचे पोट्टे म्हणे, काका मंत्र मारून राहिले. आन खरं सांगतो, सुटे बी. पाच मिनिटं मन कसं हलकं होऊन जाये. मंग डोळे उघडले का समोर इंजिन-घराची खिडकी. खिडकीत कमलेश. मफलर गुंडाळून, शांत, लिव्हरवर हात ठेवून, जसा काही प्रभूनं याच्या एकट्याचीच शांतीची अर्जी मंजूर केली. पाहलं का आला वापस! सोडलेला राग असा वापस येते का, सोडलेली बकरी तशी येत नाही. आला म्हंजे... राग नाही. मले राग येत नाही. जीव तळमळते म्हणा.

पण आमच्या मंडळीत लपून राहाची सोय नाही ना! महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. भाकर आन प्याला हातोहात फिरते. आन नियम असा का मनात कोणाबद्दल राग धरला असन त प्याल्याले हात लावू नये, पहिले भावासंग मिटवून ये, मंग घे. आता पंचाईत पाहा! घेतला त मी खोटा. नाही घेतला त अठ्ठेचाळीस माणसाले समजलं का इश्वरचा राग अजून आहे. मी काय केलं? पोटाचं कारण सांगितलं. पहिल्या महिन्यात चाललं. दुसऱ्या महिन्यात चाललं. चार वर्षं, बापा, चार वर्षं माहं पोट फक्त महिन्याच्या पहिल्या रविवारी बिघडे! एका बाईनं ओवा आणून देल्ला. दुसरी म्हणे, भंडाऱ्याले मोठ्या डाक्टरले दाखवा. आन प्याला माह्यापुढून निंघून जाये, तो दुसऱ्या बाकावर बसलेल्या कमलेशपाशी. तो घे. दोन्ही हातांनं, डोळे मिटून. मी पाहो त्याच्याकडे. माह्या रागाची दवंडी पिटून हा माणूस प्याला घेते आन मी ओवा खातो!

पेटी बी सुटली मंग. मी बसलो नाही, दुसऱ्या कोणाले येत नाही. चार वर्षं मंडळी बिना पेटीची गाऊन राहिली, कोणी गाडीत बसलं, कोणी अजून स्टँडवरच.

आन बोलणं? बोलणं घंटीनं. चार वर्षं आमी दोघं भाऊ घंटीनं बोललो, तुमाले सांगतो. सकाळी मी केजमध्ये बसतो, तो खाली सोडते. दिवसभर मी वाजवतो, तो उचलते. तीन वाजता मी माह्यासाठीच वाजवतो, तीन आन एक, तो मले वर आणते. वर आलो का मी मान खाली घालून हाजरीकडे, तो मान खाली घालून लिव्हरपाशी. पण एक गोष्ट सांगतो. बाकीचे वाइंडर आहेत ना, त्याहीच्या हातानं केज बुडाशी टेकते तवा गुडघ्यात झटका बसते. कमलेशच्या हातानं कधी नाही बसला. असं हळू टेकवे का पाय लागला हे जाळी उघडल्यावर समजे. चार वर्षं त्यानं मले रोज असं खाली ठेवलं. मले समजत नव्हतं का? समजत होतं. पण त्यानं पहिले बोलाव ना! मंडळीत उभं राहून प्रार्थना त्यानं मांगितली, मीनं नाही.

मंग आला त्याचा रिटायरमेंट. आता तुमी म्हणसान, मोठा तू, आन रिटायर तो कसा? ते बी आमचंच नशीब. मायनं दोघांले एकाच दिवशी शाळेत घातलं. गुरुजीनं त्याची जन्मतारीख माह्यापुढे लिहिली आन माही त्याच्यापुढे. त कागदावर तो माहा मोठा भाऊ! लहानपणी मी म्हणो, कागदाले काय समजते. आता तीस नोव्हेंबरले तो साठचा झाला आन मी, खरा साठचा, अजून दोन वर्षं खाली. त्याची पोरगी तृप्ती रायपूरले नर्स आहे. तो आन त्याची बायको रिता, दोघं तिच्याकडेच राहाले चालले. कायमचे. त्याच दिवशी सामान जीपमध्ये, साडेपाचले जीप, तुमसर रोडवरून रात्रीची गाडी.

सकाळीच चंद्रकांता डबा बांधता बांधता म्हणते, 'आज साडेपाचले सूर्य बुडते जी.'

म्हटलं, 'मले काय सांगते? हवामान खात्याले सांग.'

ती म्हणते, 'साडेपाचलेच जीप आहे.'

बस. एवढंच बोलली. बाया अशा बोलतात. दिवसभर खाली माह्या डोक्यात तेच. साडेपाच, साडेपाच. तीन वाजता शेवटची खेप. मी केजमध्ये बसलो, घंटी वाजवली, तीन आन एक, आन त्यानं मले वर आणलं. शेवटचं. वर लोक हार घेऊन उभे, फोटो, पेढे, साहेबाचं भाषण. मी मांगं उभा. आन मनात ठरवलं का इश्वर, तू मोठा आहेस, तू ख्रिस्ती माणूस आहेस, आज तूच मोठं मन कर. जाय आन त्याले माफ कर!

घरी आलो, आंघोळ केली. मॅगनीजचा काळा धुरळा कानातून निंघत नाही, तरी काढला. तेल लावलं. नाताळासाठी इस्तरी करून ठेवलेला पांढरा शर्ट घातला. नवीन चिन्नोर तांदूळ आला होता, त्याची पाच किलोची थैली घेतली, का तिकडे रायपूरले असा वास कुठं? रस्त्यानं पाठ केलं. 'कमलेश, जे झालं ते झालं. मी तुले माफ केलं.' छोटंसं. मोठं बोललो असतो त रडू आलं असतं.

क्वार्टरपुढे जीप उभी. अर्धं सामान वर. रिता गादी बांधून राहिली. कमलेश लोखंडी पेटीवर बसून होता, गळ्यात तो हार तसाच. सूर्य तथी मुरमाच्या ढिगाऱ्यावर, दोन हात वर असन. मले पाहून तो उभा झाला.

'जय ख्रिस्त, भाऊ.'

चार वर्षांनं आवाज ऐकला मी त्याचा. मी थैली खाली ठेवली नाही, तशीच हातात. म्हटलं, 'कमलेश, जे झालं ते झालं. मी तुले माफ केलं.'

रिताच्या हातातली दोरी थांबली.

'काय केलं भाऊजी?' ती म्हणते.

'माफ केलं!' मी म्हटलं. जरासाक मोठ्यानं, का तिले ऐकू आलं नसन.

कमलेश म्हणते, 'भाऊ, मले? कायचं?'

आता पाहा! मी म्हटलं, 'कायचं म्हणजे? तू भर मंडळीत उभा राहून माह्या रागाची दवंडी पिटली! भाऊच्या रागासाठी प्रार्थना करा म्हणे! चार वर्षं मंडळी माह्या रागासाठी डोळे मिटून राहिली!'

त्यानं गळ्यातला हार काढून पेटीवर ठेवला. मंग हळू म्हणते, 'तुह्या रागासाठी नाही, भाऊ. मी म्हटलं, भाऊवरच्या रागासाठी. राग माहा होता. मले आला होता, तुह्यावर.'

भाऊच्या. भाऊवरच्या. एवढंसं 'वर', पंख्याच्या खडखडीत गेलं आन माह्या कानाच्या घोटाळ्यात गेलं. मी म्हटलं, तुले माह्यावर? मीनं काय केलं तुले?

रिता बोलली. ती म्हणते, 'भाऊजी, माय गेली त्या दिवसाचं.'

आता हे मी तुमाले सांगितलं नाही. सांगाचं राहून गेलं... नाही, खोटं कायले बोलू, सांगाचं नव्हतंच. आमची माय, आनंदाबाई. त्या रविवारच्या तीन आठवडे पहिले गेली. मी सुट्टी टाकून तिच्यापाशी होतो, कमलेश ड्यूटीवर. दुपारी तिचा श्वास फिरला. मी निरोप पाठवला, लगेच ये. तो आला नाही. माय तीनदा म्हणाली, कमलेश आला का? मी तीनदा म्हटलं, येऊन राहिला, माय. चौथ्यांदा ती विचाराले नव्हती. तो दोन तासांनं आला, हातात ग्रीस. घर भरलं होतं माणसांनं. पाळकसाहेब प्रार्थना करून राहिले होते. आन मी सगळ्याहीपुढे म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, 'मायपेक्षा तुले दोर मोठा झाला का रे?'

खाली बेचाळीस माणसं होती त्या दिवशी. दुसरा वाइंडर रजा घेऊन आंधळगावले लग्नाले गेला होता. माणसं खाली असताना वाइंडर खुर्ची सोडत नाही. हे कोणाले माहीत पाहिजे? मले! तेरा वर्षं रोज मी त्याच भरवशावर खाली गेलो का कमलेश उठून जाणार नाही. बेचाळीस जणाले एकेक खेप करून वर काढलं त्यानं, मंग धावत आला. आन मी असं म्हटलं. त्यानं हात धुतले आन मायच्या पायाशी बसला. मी विसरलो होतो म्हणा... नाही, विसरलो नव्हतो. माणूस दुःखात काहीबाही बोलते, असं म्हणून वरून झाकण ठेवलं होतं.

कमलेश म्हणते, 'भाऊ, तीन आठवडे मले झोप नाही आली. लिव्हरवर हात ठेवला का तुहा शब्द ऐकू ये. मले भेव वाटलं, तू खाली आहेस, आन मी रागात दोर चालवून राहिलो. काही झालं त? म्हणून उभा राहिलो मंडळीत. आन गेला, भाऊ. त्याच दिवशी सूर्य बुडायच्या आत गेला. मी इथंच ओट्यावर बसून होतो, तुही वाट पाहात, का तुले सांगीन. तू आला नाही.'

'मंग तू काहून नाही आला?'

'आलो होतो फाटकापर्यंत. आतून गिलास भिंतीवर आपटल्याचा आवाज आला.'

आता सांगा, यावर माणसानं काय म्हणाव? एकच शब्द होता म्हणाले. चुकलो. लेकराले बी येते. तोंडाशी आला होता, देवाशपथ. पण मी तथी माफ कराले गेलो होतो हो! पांढरा शर्ट घालून, तेल लावून! आन याच्या बोलण्यातून निंघालं का यानंच मले माफ केलं, चार वर्षं झाली. म्हंजे चार वर्षं मी ज्याच्यावर... जीव तळमळत फिरलो, ओवा खाल्ला, पेटी सोडली, तो आपला मोकळा बसून होता! आन मंडळी चार वर्षं प्रार्थना करून राहिली ती बी याच्यासाठी. माह्यासाठी कोणी केलीच नव्हती! एक दिवस बी नाही! मले कसं झालं सांगू, उपाशी माणसाले समजलं का पंगत कधीच उठून गेली. आन माह्या तोंडातून काय निंघालं?

'मले माफ करणारा तू कोण रे?'

अशा आवाजात का चार क्वार्टरचे दरवाजे उघडले. मांगं चंद्रकांता येऊन उभी होती, तिनं पदर तोंडाले लावला. कमलेश वाकला, माह्या पाया पडला, जीपमध्ये बसला. रिता बसली. जीप गेली. तांदळाची थैली माह्या हातातच. आन तो सूर्य, तुमाले सांगतो, वाटच पाहून राहिला होता जसा काही, गेला ढिगाऱ्यामांगं. मंग निंघाला तो शब्द. चुकलो. मोकळ्या क्वार्टरले सांगितला मी, दाराले कुलूप होतं त्याच्या. चंद्रकांता म्हणते, 'चला जी.' आन मी रडलो. रस्त्यानं रडत आलो, साठ वर्षांचा माणूस, हातात थैली. रागाचं सोडा. माह्या मायले मी तीनदा खोटं सांगितलं होतं का तो येऊन राहिला, आन ते तिच्यानं सहन झालं, माह्यानं नाही झालं. त्याच्यावर काढलं मी. जात्या मायपाशी एकटा पडलो, त्या भेवाचं नाव मी राग ठेवलं, आन रागाचं नाव आवाज.

आता संपलं असतं इथं त बरं झालं असतं. पण कमलेश मोठ्या मनाचा. रविवारी त्याचा फोन आला. आमच्या कॉलनीत नेटवर्क कुठं? पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर चढलं का दोन काड्या येते. मी गुडघे धरत चढलो. सहा पायऱ्या, आठ पायऱ्या. उन्हं उतरून राहिली होती. म्हटलं, इश्वर, आज सोडाचं नाही. तो म्हणते, 'भाऊ, पोहोचलो. तृप्तीचं घर मस्त आहे. नळाले चोवीस तास पाणी.' म्हटलं, 'कमलेश, ऐक. मी चुकलो.'

'आँ? आवाज येऊन नाही राहिला, भाऊ.'

'मी चुकलो!'

'काय? कट कट होते. मोठ्यानं बोल.'

मोठ्यानं बोल! मले! जन्मभर जे करू नको म्हणून अख्खी कॉलनी मले सांगून राहिली, ते माहा भाऊ मले म्हणते कर! म्हणून मी केलं. टाकीवर उभा राहून, पुऱ्या छातीनं, ड्रिल मशीनपुढे बोंबलावं तसा बोंबललो, 'मायच्या वेळेस मी जे दोराचं बोललो ना, ते मी चुकलो रे! मायपेक्षा तुले दोर मोठा नव्हता! तू बरोबर होता!' खाली बाया पाणी भराच्या थांबल्या. पोट्टे क्रिकेट सोडून उभे राहिले. अख्ख्या चिखल्यानं ऐकलं माहं प्रायश्चित्त. एकट्या रायपूरले नाही ऐकू आलं.

तिकून कमलेश, एकदम बारीक आवाजात. म्हणते, 'भाऊ... मायपेक्षा दोर मोठा... अजून तेच म्हणून राहिला का तू?'

आन फोन कटला!

पाच रविवार झाले. त्याचा फोन नाही. मी लावला त रिता उचलते, म्हणते, झोपले आहेत भाऊजी. सायंकाळी पाच वाजता कोण झोपते? हळू बोललो त त्याले ऐकू येत नाही, मोठ्यानं बोललो त त्याले राग वाटते. खाली मी तीन आन एक वाजवतो, वर एक नवीन पोरगा उचलते, गुडघ्यात झटका बसते. या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्याला आला तवा मी पोटाचं कारण नाही सांगितलं. म्हटलं, राग आहे. कोणावर, पाळकसाहेबानं विचारलं. म्हटलं, तेच त आता समजून राहिलं. प्याला पुढे गेला.

मंग चंद्रकांताच म्हणाली, चिठ्ठी लिहा जी, कागदाले आवाज नसते. पटलं मले. काल लिहाले बसलो. चष्मा लावला, वही घेतली, एकच ओळ, मन लावून लिहिली, का 'कमलेश, चुकलो मी, मले माफ कर.' वाचाले देल्ली तिले. तिनं पान उजेडाकडे धरलं. उलटून मांगून पाह्यलं. पेन इतका दाबल्या गेला होता का चार पानं पार उमटली होती. मंग माह्याकडे पाहून, एकदम हळू, म्हणते,

'हे बी रागानंच लिहिलं का जी?'